घड्याळाआधीची ओळख

माझं काम लोकांना गप्प करायचं आहे, असं मी सांगितलं की समोरचा आधी हसतो. नवरा म्हणतो, हिला त्याचा पगार कशाला हवा, घरी फुकट करते. पण ते अगदी खरं आहे. परिषदांना माइक, हेडफोन आणि भाषांतरकारांचे काचेचे बूथ भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत मी चौदा वर्षं नोकरी करते आहे. सामान जबल अलीच्या गोदामात असतं आणि आम्ही त्या सामानामागे दुबईभर फिरतो. माझ्या ताब्यात असतं घड्याळ. वक्त्यासमोर टेबलावर एक छोटा दिवा असतो. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की मी बटण दाबते आणि त्याचा माइक बंद पडतो. मग तो मंत्री असो की कुणी संत-महाराज.

याचा मला अभिमान होता. आमच्याकडच्या सत्कार समारंभांत सतरंजीवर बसून पाय बधिर करून घेतलेल्या मुलीला तो असणारच. "मी आपला फार वेळ घेणार नाही" असं म्हणून पाऊण तास घेणारे इतके पाहुणे मी लहानपणी ऐकले, की त्या सगळ्यांचं उट्टं मी दुबईत येऊन काढलं. टीममधली मुलं मला 'टायमर मॅडम' म्हणायची आणि मी ते मिरवायची. दोन सेकंदांची सूट मी कधी कुणाला दिली नव्हती, कारण सूट म्हणजे वशिला, आणि वशिल्याची मला मनापासून चीड आहे.

दोन वर्षांपूर्वी इथे हवा-पाण्याच्या प्रश्नावर एक मोठी परिषद भरली होती. मोठ्या दालनांत मोठी माणसं गेली. माझ्या वाट्याला कडेची ऐंशी खुर्च्यांची खोली आली. तिथे खाणी आणि कारखान्यांच्या शेजारी राहणारे लोक आपली बाजू मांडणार होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. माइकवर जे बोललं जाईल तेवढंच इतिवृत्तात जाईल, असा नियम होता. आणि इतिवृत्तात गेलं नाही ते बोललंच गेलं नाही, असं तिथे सगळे धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. जांभळ्या मखमलीचा ब्लाउज, गळ्यात निळ्या खड्यांची भरगच्च माळ, पांढरे केस मागे पांढऱ्याच लोकरीने घट्ट बांधलेले. माझ्यापुढच्या यादीत लिहिलं होतं की त्या अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींपैकी आहेत. त्यांनी तोंड उघडलं आणि मी घड्याळ सुरू केलं.

पण त्या इंग्रजीत बोलत नव्हत्या. आपल्या भाषेत, सावकाश, एकेक वाक्य नीट खाली ठेवत बोलत होत्या. बूथमधल्या भाषांतरकारांनी काचेतून माझ्याकडे बघून हात वर केले, की ही भाषा आमच्याकडे नाही. हेडफोनमध्ये शांतता. लोक हेडफोन काढून उलटसुलट करून बघायला लागले. मी दिव्याकडे बघत होते. दोन मिनिटं संपत आली, तेव्हा त्या इंग्रजीवर आल्या.

"आमच्या वस्तीत एक विहीर आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर पाटी लावली आहे, की हे पाणी माणसांनी पिऊ नये, फक्त गुरांसाठी आहे. आमच्या मेंढ्या ते पाणी पितात. मेंढ्या आम्ही खातो."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. त्या पुढे सांगत राहिल्या. विहिरीच्या वरच्या अंगाला युरेनियमची जुनी खाण आहे. खाणवाले कधीच निघून गेले, मातीचा ढीग तेवढा ठेवून गेले, आणि वारा सुटला की तो ढीग थोडा थोडा सगळ्यांच्या घरात येतो. आता शेजारच्या टेकडीवर दुसऱ्या कंपनीला खणायचं आहे. तेव्हा वस्तीतल्या बायका घरोघर फिरल्या, प्रत्येक विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून त्यांनी तपासायला पाठवलं, आणि यंत्रं आली त्या दिवशी रस्त्यावर खुर्च्या टाकून बसल्या. "मग आमच्या सभेने हात वर करून एक ठराव केला," त्या म्हणाल्या. "तो इथे वाचून दाखवायला मला पाठवलं आहे. ठराव असा आहे."

लाल दिवा लागला. मी बटण दाबलं.

त्यांचे ओठ एक-दोन ओळी हलत राहिले. मग आपला आवाज खोलीत पोहोचत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दिव्याकडे बघितलं, हातातला कागद दुमडला, मान लववली आणि बसल्या. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. मी माझ्या तक्त्यात वेळ लिहिली आणि पुढच्याचं घड्याळ लावलं. मनात काही आलं असेल तर एवढंच, की तयारी करून यायला काय होतं या लोकांना.

चहाच्या सुट्टीत मी खुर्च्यांवरचे हेडफोन गोळा करून पुसत होते. खोली रिकामी झाली होती आणि त्या एकट्याच जागेवर बसून होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "माझी वेळ खरंच संपली होती?"

"हो मॅडम. पहिल्या शब्दापासून तीन मिनिटं." मी तक्ता पुढे केला.

त्यांनी आकडे सभ्यपणे वाचले. "पण मी तर सुरूच केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते पहिलं जे होतं, ते निवेदन नव्हतं. ती मी होते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे चार माणसांपुढे उभं राहिलं की आधी आपण कुणाचे ते सांगायचं. आईचं कुळ पहिलं. मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. ते ऐकून समोरच्याला कळतं, की ही माझी बहीण लागते, ही माझी आत्या, हिचा माझा काही संबंध नाही. मग कामाची गोष्ट. वस्तीच्या सभागृहात कुणी ते वगळून बोलायला लागलं, तर म्हातारी माणसं सरळ टोपी डोक्यावर चढवून बाहेर जातात म्हणे.

"नियम सगळ्यांना आधीच पाठवले होते," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच. चूक माझी नसताना मला चुकल्यासारखं वाटायला लागलं की तो चढतो.

"हो, मी वाचले होते," त्या म्हणाल्या. "तुझी चूक नाही. मी फक्त घरी जाऊन काय सांगायचं ते ठरवते आहे. अख्खा हिवाळा आमच्या बायकांनी मटणाचा रस्सा आणि तळलेल्या भाकऱ्या विकून मला इकडे पाठवलं. सभेत पहिला प्रश्न येईल, ठराव वाचलास का? मी सांगेन, मी कोण ते सांगून झालं, तुम्हाला काय हवं ते राहिलं."

मी हेडफोन पुसत राहिले. तो एकच हेडफोन मी किती वेळ पुसला कोण जाणे. मग त्यांनीच विचारलं, "आणि तू कुणाची?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं, हे इथे सांगायला हवं. दुबईत आम्ही राहतो त्या करामा भागात भाजीवाल्याकडे कुणी मराठी बाई भेटली की दुसऱ्या वाक्याला विचारते, "आडनाव काय?" आडनावावरून काम झालं नाही की, "मूळचे कुठले?" तिथेही अडलं की, "अच्छा, म्हणजे तुमच्यात..." आणि वाक्य अर्धवट सोडून देते, आपण पूर्ण करावं म्हणून. हळदीकुंकवाला हेच, मुलीच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर हेच. माणूस दोन समुद्र ओलांडून आला तरी त्याला कुठल्या पाटावर बसवायचं, याची चौकशी काही संपत नाही. म्हणून मी मूळचे कुठले या प्रश्नाला गेली कित्येक वर्षं "करामा" असं उत्तर देते. समोरचीचं तोंड बघण्यासारखं होतं.

त्या बाईंना मी म्हणाले, "इंडिया."

"तो देश झाला."

मग मात्र मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, आमच्याकडे हा प्रश्न माणसाची पायरी ठरवायला विचारतात. तुमचा हेतू चांगला असेल, पण मला तो सहन होत नाही.

त्यांनी हातातला कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे आपलं कोण लागतं ते शोधायला विचारतात. पण सगळं गोड आहे असं समजू नकोस. कंपनीच्या ठेकेदाराचं कुळ आमच्यातल्या बऱ्याच जणांना लागतं. त्याच्या बाजूनेही हात वर झाले होते." असं कबूल करणारी माणसं मला आवडतात. मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

शेवटच्या दिवशी एक तास मोकळा ठेवलेला असायचा. चिठ्ठी भरून द्यायची, प्रत्येकाला दोन मिनिटं. चिठ्ठ्या माझ्याच टेबलावर यायच्या. मी त्यांना चिठ्ठी दिली. "ठराव वाचायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. घरी ओट्यावर घड्याळ ठेवून वाचलाय."

"मग ओळख वगळा. कागदावर लिहून द्या, मी वर पोहोचवते."

त्यांनी मान हलवली. "कागदावर कंपनीचीही ओळख असते. उभं राहून तोंडाने सांगायचं, असं सभेने सांगितलंय. नाहीतर तो ठराव कुणाचा?"

झालं. आता गाठ माझ्या घड्याळाशी होती.

संध्याकाळी मेट्रोत उभ्याने मी आमचं नियमांचं कार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये घातलेलं ते कार्ड मला तोंडपाठ आहे असा माझा समज होता. त्यावर लिहिलं होतं, 'वक्त्याचं निवेदन सुरू होताच घड्याळ सुरू करावं.' निवेदन! पहिला शब्द असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आमचं आम्हीच ठरवलं होतं, आणि मी बारा वर्षं त्या न लिहिलेल्या नियमाचा तोरा मिरवत होते. मला स्वतःचीच शरम वाटली.

पण एकट्या त्यांनाच सवलत दिली तर तो वशिलाच झाला. म्हणून मी ठरवलं, की त्या तासाला सगळ्यांनाच हाच हिशेब लावायचा. आपण कोण, कुठून आलो, कुणाच्या वतीने बोलतो, हे सांगून होईपर्यंत कुणाचंच घड्याळ सुरू करायचं नाही. ठरवलं खरं, पण यात धोका होता. इथे नोकरी गेली की तिच्यामागोमाग व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की संसाराची खोकी भरायला थोडेच दिवस मिळतात. मुलगी शाळेत, नवऱ्याची नवी नोकरी अजून कच्ची. घरी मी यातलं काही बोलले नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी बाईंना गाठलं आणि काय करणार ते सांगितलं. "पण तुमची ओळख संपली हे मला कळायचं कसं? मला तुमची भाषा येत नाही."

त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं. अशा रीतीने मी एक नवाहो बाई आहे, असा त्याचा अर्थ. स्वतःच्या लोकांना त्या 'दिने' म्हणतात. मी तक्त्याच्या मागे देवनागरीत उतरवून घेतलं: आकोतेगो दिने असद्झानी निश्ली. वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, सगळं ठीक, पण शेवटचा 'ल' तसा नाही. जीभ वर टेकवून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी आमचा 'ळ' पुढे केला. या 'ळ'चा मला भारी तोरा. टीममध्ये तो मला आणि आमच्या मल्याळी सुपरवायझरला सोडून कुणाला येत नाही, आणि उत्तरेकडच्या मुलांना मी त्यावरून फार छळलं आहे. बाईंनी तो कान देऊन ऐकला आणि म्हणाल्या, "छान आहे, पण हा नाही." मग मी सात-आठ वेळा नुसती हवा सोडली. थुंकीही उडाली असावी. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या.

"तुझ्या त्या अक्षराचा एक शब्द सांग," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, "आजोळ." त्यांनी दुसऱ्या खेपेला अगदी नीट म्हटलं. अर्थ विचारला. आईचं माहेर, मी सांगितलं. त्यांनी तो शब्द आपल्या ठरावाच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला.

मोकळा तास सुरू झाला. पहिलाच वक्ता कुठल्याशा खात्याचा अधिकारी होता. अध्यक्ष महोदय, सन्माननीय सभासद, मला ही संधी दिल्याबद्दल, अशी त्याची गाडी निघाली. मी हात मांडीवर ठेवून बसले. दिवा विझलेला. सुपरवायझर मागून आला. भला माणूस, पण कामाच्या वेळी भलेपणा गोदामात ठेवून येतो.

"मॅडम, टायमर?"

"सर, स्टेटमेंट अभी शुरू नहीं हुआ. अभी वो कौन है, वो बोल रहा है."

"फर्स्ट वर्ड मतलब फर्स्ट वर्ड. यल्ला, जल्दी दबाओ."

मी कार्ड त्याच्यासमोर धरलं आणि निवेदन या शब्दावर बोट ठेवलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. "ये आज क्या नया ड्रामा है?" तो पुटपुटला. त्या अधिकाऱ्याचं नमन संपल्यावर मी हिरवा दिवा लावला. सुपरवायझर तिथून हलला नाही. पुढचा सगळा तास तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि मला त्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

पाचव्या नंबरला बाई उभ्या राहिल्या. पुन्हा तीच भाषा, तीच सावकाश वाक्यं. बूथवाल्यांनी या वेळी हात वर केले नाहीत, कारण मी आधी जाऊन सांगून ठेवलं होतं. मी डोळे मिटून ऐकत होते. ज्या भाषेतले चार शब्द त्याच सकाळी शिकले, त्या भाषेत मी एका वाक्याची वाट बघत होते. मध्येच 'निश्ली' ऐकू आलं आणि माझं बोट घड्याळाच्या बटणावर गेलं. पण त्याच्या आधी आकोतेगो आलं नव्हतं, मी हात मागे घेतला. मागून सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, प्लीज." तेव्हा तो घाबरला होता, रागावला नव्हता. त्यालाही व्हिसा होताच की.

आकोतेगो दिने असद्झानी निश्ली. आलं. मी दिवा लावला.

बाईंनी ठराव वाचला. आधी जुना ढीग उचला. तो उचलून पाणी स्वच्छ होईपर्यंत नव्या टेकडीला हात लावू नका. आणि परवानगी मागायची असेल तर आमच्या सभागृहात या, आमच्या भाषेत मागा, म्हाताऱ्यांना कळेल अशी. शेवटचा शब्द संपला तेव्हा दिवा पिवळा होता. त्यांनी कागद दुमडला, आणि या वेळी त्या दिव्याकडे नाही, माझ्याकडे बघून बसल्या. मला रडू आलं. कामावर रडायची माझी ती पहिलीच वेळ.

तो तास सव्वा तासाहून लांबला. पुढच्या कार्यक्रमाची आवाज-चाचणी उशिरा झाली, तक्रार वरपर्यंत गेली. नोकरी गेली नाही. सुपरवायझरने माझी बाजू घेतली असं नंतर कळलं. मला तो एवढंच म्हणाला, "मॅडम, आप थोडा दिन वेअरहाउस देखो." ते थोडे दिवस सात महिने चालले. रोज कंपनीच्या बसने जबल अलीला जायचं आणि हेडफोनच्या वायरींची गुंतवळ सोडवायची. माझ्या जागी घड्याळावर एक चुणचुणीत मुलगी बसली. ती पहिल्या शब्दालाच घड्याळ सुरू करायची.

इतिवृत्त छापून झाल्याचं मला गोदामातच कळलं. फोनवर उघडून मी बाईंचं पान शोधलं. ठराव होता, तिन्ही मागण्यांसकट, एकही शब्द न गाळता. आणि त्याच्या वर, ज्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता त्या जागी, कंसात तीन शब्द होते: अन्य भाषेत बोलतात.

मी इतकी चिडले की हातातली वायर फेकून दिली. इतिवृत्त काढणाऱ्या खात्याला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मग बाईंना ते पान पाठवलं आणि खाली लिहिलं, माफ करा.

तीन आठवड्यांनी त्यांचा आवाजी मेसेज आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. त्या सांगत होत्या, की इतिवृत्त सभागृहात वाचलं. वाचणारा माणूस त्या कंसापाशी आला आणि थांबून त्यांच्याकडे बघायला लागला. मग त्या उठल्या, आणि त्या कंसाच्या जागी जे हवं होतं ते सगळं उभ्याने बोलल्या. त्यानंतर त्याने ठराव वाचला. नवं काही घडलेलं नाही, त्या म्हणाल्या. कंपनीचं यंत्र टेकडीखाली उभं आहे आणि आमच्या खुर्च्याही रस्त्यावर आहेत.

"मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं," मेसेज पुढे चालू होता. "तेव्हा एका म्हातारीने विचारलं, ती घड्याळवाली कुणाची? मला सांगता आलं नाही. तू मला नुसता देश सांगितला होतास. आम्ही आईकडून मोजतो. तुझी आई कुठली, तिची आई कुठली. पाठव. पुढच्या सभेत सांगायचं आहे."

या वेळी मला राग आला नाही. म्हटलं, सांगू या. आईचं गाव, म्हणजे माझं आजोळ, मला माहीत होतं. पण तिची आई? तेव्हा लक्षात आलं, की आजोळ आजोळ म्हणते ते आजोबांचं घर. आजी तिथे लग्न होऊन आलेली. आमच्याकडे बाईचं गाव दर पिढीला बदलतं आणि मागचं पुसलं जातं. माझी आजी कुठून आली हे पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. आडनावाच्या चौकशांवर एवढी तावातावाने बोलणारी मी!

आईला ठाण्याला फोन लावला. "आई, आजीचं माहेर कुठलं गं?"

"का? कुणाचं स्थळ बघतेस?"

"अगं, तुझी नात आठवीत आहे."

"मग कशाला हवंय?"

मी सगळं सांगितलं. नवाहो, मेंढ्या, ठराव, घड्याळ. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगायलाच हवं का? तुझ्या आजोबांचं गाव सांग की. किती छान गाव आहे."

"त्यांना आईकडचंच हवंय."

"ती कधी कुणाला सांगायची नाही. तू पण नको सांगूस." आणि मग तिने नाव घेतलं.

ते नाव मला माहीत होतं. त्या रस्त्याने गेलेल्या कुणालाही माहीत असतं. तिथे आता सगळे केमिकलचे कारखाने आहेत, आणि ते नाव घेतलं की लोक नाक दाबून दाखवतात. सुट्टीत आजोळी जाताना एसटी त्या गावावरून जायची. पाटी दिसली की आम्ही भावंडं श्वास कोंडून धरायचो, पूल येईपर्यंत. ज्याचा आधी सुटेल तो हरला. मग पुढे सगळा रस्ता त्या गावाच्या नावाने एकमेकांना चिडवायचो. आजी आमच्याबरोबरच असायची. तिला खिडकीची जागा लागायची, आणि बसमधल्या सगळ्या बायकांचे पदर नाकाला असताना ती तेवढी तशीच बाहेर बघत बसलेली असायची.

"खाचरं होती, खाडी होती," आई सांगत होती. "आधी मासे गेले. मग माणसं उठली."

"कुणी काही म्हणालं नाही तेव्हा?"

"म्हणाले असतील की. पण ते लिहून कुणी ठेवलंय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोदामाच्या मागच्या दाराशी जाऊन मेसेज रेकॉर्ड केला. आधी आजी, मग आई, मग बाकीचे. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, माझंही नाही. त्या मेसेजमध्ये मात्र आजीच्या गावाचं नाव घेतलं, आणि तिकडच्या म्हातारीला नीट ऐकू जावं म्हणून सावकाश, दोनदा घेतलं.